पायी माणसाचा रकाना



जेवणाबद्दल अजून एकही तक्रार कानावर आली नाही, अभियंत्यांच्या मेळाव्यात हे नवलच.

अध्यक्षाने आढावा घ्यावा असा प्रघात आहे, तो उरकतो. मुकुंदराव जयकरांच्या रस्ते समितीने 1928 मध्ये अहवाल दिला, 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) स्थापन झाली, 1943 मध्ये मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा आराखडा ठरला. शेतीच्या भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हे त्या नागपूर योजनेचं उद्दिष्ट होतं. ते पाच मैल गावकरी कसे येणार होते? बहुतेक पायीच. म्हणजे तेव्हा पायी माणूस आपल्याला ठाऊक होता. पुढे तो कुठे गेला, एवढंच आज विचारायचं आहे. आढावा संपला.

मी शाखा अभियंता म्हणून लागलो तेव्हा सुरुवातीलाच वाहतूक गणनेवर धाडलं. सात दिवस, रात्रंदिवस. रस्त्याकडेला राहुटी, कंदील, तक्त्यावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. बाजाराच्या दिवशी सकाळपासून माणसांची रीघ लागली होती, डोक्यावर पाट्या, कडेवर पोरं. आमच्या मैलकुलीने विचारलं, "साहेब, यांना कुठल्या रकान्यात धरू?" तक्ता पुन्हा पाहिला. ट्रक होता, बस होती, सायकल होती, बैलगाडी होती. माणसाला रकाना नव्हता.

पुढे पीसीयूची, म्हणजे कुठलं वाहन किती मोटारींबरोबर धरायचं याची, कोष्टकं पाठ झाली. 1990 च्या आयआरसी 64 या मार्गदर्शक तत्त्वांत मोटार एक, ट्रक किंवा बस तीन, हातगाडी तीन, बैलगाडी आठ. बैलगाडी आठ मोटारींबरोबर का, हे इथे बसलेला प्रत्येक जण सांगेल: ती रस्ता अडवते. जो अडवतो त्याला आकडा, आणि जो अंग चोरून साइडपट्टीवरून जातो त्याला काहीच नाही.

काल रस्त्यांच्या प्राधान्यक्रमावरच्या दोन निबंधांवर बरीच गरमागरमी झाली. एक पक्ष म्हणतो, खर्च आणि लाभ यांचं गुणोत्तर काढा, वर येईल तो रस्ता आधी घ्या. दुसरा म्हणतो, खर्च, वाहतूक आणि धोका यांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करा. धोक्याला तीस गुण की चाळीस, यावर चहा गार झाला. मला दोन्ही पक्ष सारखेच वाटले. वाहतुकीच्या आकड्यात पायी माणूस नाही. लाभाच्या हिशेबात मोटारीतल्याचा वाचलेला वेळ रुपयांत येतो, रस्ता ओलांडायला खोळंबलेल्या बाईचा गेलेला वेळ येत नाही. राहिला धोका. तो आपण अपघातांच्या नोंदीवरून काढतो. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणांतिक अपघात, नाहीतर दहा मृत्यू, म्हणजे ब्लॅक स्पॉट.

माझ्या हद्दीत राज्यमार्गावर एक फाटा होता. रुंदीकरण झालेलं, गाड्या सुसाट, आणि अपघाताची नोंद कोरी. वरिष्ठांच्या लेखी जागा सुरक्षित. मी वस्तीवर जाऊन बसलो. वस्ती रस्त्याच्या अलीकडे, हायस्कूल पलीकडे. सातवीनंतर मुली घरी बसवल्या होत्या. ओलांडायलाच कुणी धजत नव्हतं, तर अपघात कुठून होणार? निबंधकारांनी सांगावं, त्या कोऱ्या नोंदीला तीस गुण द्यायचे की चाळीस.

गतिरोधक, झेब्रा पट्टे, दिवे आणि थोडा पदपथ असं लहानसं अंदाजपत्रक मी केलं. शेरा आला, 'पादचारी संख्या अपुरी'. पादचारी सोयींच्या 1988 च्या आयआरसी मार्गदर्शक तत्त्वांत सूत्रच तसं होतं: गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले वाहनसंख्येचा वर्ग, आणि दुभाजक नसेल तर उत्तर दहा कोटी यायला हवं. तासाला पाचशे वाहनं असतील तर चारशे माणसं ओलांडायला हवीत. अख्ख्या वस्तीत चारशे माणसं नव्हती. तत्त्वांत इतर निकषही होते, पण फाइल पान उलटायला थांबत नाही. दर बजेटला ते काम मागे पडलं, आणि माझी बदली झाली.

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांत पादचारी 32,825. तक्त्यात नसलेली माणसं तिथे मात्र नेमकी मोजलेली आहेत.

अपवाद दाखवतो. 2021 मध्ये पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा दोन्ही कडांना वारकऱ्यांसाठी वेगळा पायी मार्ग आराखड्यातच होता. उत्तम झालं. माणूस लाखांनी चालला की दिसतो. शाळेची पोरगी एकटी चालते, तिची दिंडी निघत नाही.

चौपदरीकरण नको, असं मी म्हणत नाही. हयात त्यातच गेली. गणनेचा नवा तक्ता कसा असावा यासाठी एक लहान समिती नेमू, तपशील कार्यकारिणीने बघावा. तंत्रनिकेतनातल्या मुलांकडून काही फाट्यांवर गणनाही करून घेता येईल. जमेल तसं.

एक ठराव मात्र अध्यक्षस्थानावरून आजच मांडतो. ज्या गणनेत पादचाऱ्याला रकाना नाही, तिच्या आधारावर केलेल्या प्राधान्ययादीवर आपल्यापैकी कोणीही सही करणार नाही. सेवेतल्या मंडळींना हे जड जाईल, जाणतो. ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी दुपारच्या सत्रात माइकवर येऊन करावा, चहाच्या टेबलावर नको.