जागा एकच, गोलकीपर दोन

आजचा भाग हॉकीवर आहे. पण आपल्या धनराज पिल्लेंची हॉकी नव्हे, बर्फावरची. आइस हॉकी. पायात स्केट्स, हातात काठी आणि बॉलच्या जागी रबराची एक चपटी काळी चकती, तिला पक म्हणतात. अमेरिका-कॅनडातली यातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल. तिची फायनल आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते, त्यामुळे ती लाइव्ह बघणारे माझ्यासारखे मोजकेच. तुम्हाला नियम माहीत नसले तरी काही बिघडत नाही. लागतील तेवढे सांगत जाईन.

विषय असा आहे: जुन्या, मुरलेल्या खेळाडूंच्या टीममध्ये नवी पोरं आणायची कशी?

"तरुणांना संधी द्या" हे वाक्य आपण सगळेच टाकतो. ऐकायलाही छान वाटतं. पण टीममध्ये जागा मोजून असतात. नव्या मुलाला मिळालेली जागा कुणाच्या तरी हातून गेलेली असते, आणि तो कुणीतरी बऱ्याचदा परवापर्यंतचा हिरो असतो. माझं मत असं की, नवी पोरं टीममध्ये रुजणार की नाही, हे त्या जुन्या माणसावर खूप अवलंबून असतं. आणि हे मत बनलंय पिट्सबर्ग पेंग्विन्स या टीमच्या २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांवरून.

आधी थोडं गणित. मॅचला एका टीमचे २० खेळाडू तयार असतात. १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्सवाले आणि २ गोलकीपर. फॉरवर्ड तीन-तीनच्या गटात खेळतात, त्या गटाला लाइन म्हणतात. एक लाइन पाऊण मिनिटभर जीव तोडून धावते, मग बाहेर येते आणि दुसरी आत जाते. म्हणजे नव्या फॉरवर्डला थोडं थोडं करून शिकवता येतं. आज चौथ्या लाइनमध्ये आठ मिनिटं, उद्या दहा. गोलकीपरचं मात्र तसं नाही. दोघांपैकी एक खेळतो आणि दुसरा टोपी घालून बाकावर बसतो. तिथे अर्धी-अर्धी जागा नसते.

आता पैशांचं. २००५ पासून एनएचएलमध्ये सॅलरी कॅप आहे, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून एक कमाल मर्यादा. आयपीएलच्या पर्ससारखंच समजा. २०१५-१६ मध्ये ही मर्यादा ७ कोटी १४ लाख डॉलर होती. पेंग्विन्सकडे सिडनी क्रॉस्बी, एव्हगेनी माल्किन, फिल केसल असे महागडे स्टार होते. चार-पाच जणांनाच एवढे पैसे गेले, तर बाकीच्या जागा कोण भरणार? ज्यांचा पगार कमी आहे, ते. म्हणजे तरुण. तेव्हा कुणी मोठ्या मनाने मुलांना संधी देत होतं, अशातला भाग नाही. टीमला त्यांची गरज होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्ट उगाच गोड होणार नाही.

पण नुसती तरुण पोरं गोळा करून भागत नाही. त्याचं उदाहरण म्हणजे कॅनडातली एडमंटन ऑइलर्स. एनएचएलमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो, त्यात टीम १८ वर्षांच्या आसपासची मुलं निवडतात. तळाला राहिलेल्या टीमला आधी निवडायची संधी जास्त. एडमंटनला २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षं पहिल्या नंबरची निवड मिळाली. टेलर हॉल, रायन न्यूजंट-हॉपकिन्स आणि नेल याकुपोव्ह. तिघेही थेट मोठ्या टीममध्ये. आणि २००७ ते २०१६, सलग दहा सीझन ही टीम प्लेऑफला पोचली नाही. याकुपोव्ह तर २०१८ पर्यंत लीगबाहेर गेला. कारणं बरीच होती, मान्य. पण बाहेरून बघताना मला हेच जाणवायचं की, या मुलांना सांभाळून घेणारी, चुकल्यावर त्यांची बाजू झाकणारी मोठी माणसं त्या टीममध्ये पुरेशी नव्हती. सगळेच नवे, तर कोण कुणाला दाखवणार?

आता पिट्सबर्गकडे येऊ. डिसेंबर २०१५. टीम ढेपाळलेली. कोचला काढलं आणि जागी माइक सलिव्हन आला. आला कुठून? विल्क्स-बॅरीहून. तिथे पेंग्विन्सची दुय्यम टीम आहे, ती एएचएल या खालच्या लीगमध्ये खेळते. ड्राफ्टमधली बहुतेक मुलं आधी अशाच टीममध्ये मुरतात. सलिव्हन तिथेच कोच होता. म्हणजे कुठला मुलगा दबावाखाली कसा वागतो, कुणाला ओरडलेलं चालतं, कोण दोन चुका झाल्या की कोमेजतो, हे त्याला फाइल उघडून बघायची गरज नव्हती.

मग त्याच्या मागोमाग ती मुलंही वर आली. ब्रायन रस्ट, कॉनर शिअरी, टॉम कुनहॅकल, आणि गोलकीपर मॅट मरे. यांच्यात पहिल्या नंबरची निवड एकही नाही. रस्ट आणि मरे तिसऱ्या फेरीतले. शिअरीला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं.

सलिव्हनने त्यांना एका कोपऱ्यात वेगळं ठेवलं नाही, मोठ्यांच्या मध्ये पेरलं. शिअरीला थेट कॅप्टन क्रॉस्बीच्या लाइनमध्ये खेळवलं. चौथ्या लाइनमध्ये कुनहॅकलसारख्या पोरांसोबत मॅट कलन होता, वय ३९. कलनने २००६ मध्येच कॅरोलायनाकडून स्टॅनली कप जिंकला होता. त्या वयात, चौथ्या लाइनमध्ये, मिळतील तेवढी मिनिटं तो खेळत होता. पोरांना वेगळं लेक्चर द्यायची गरज काय? शेजारी बसलेला माणूसच लेक्चर आहे. निवृत्तीनंतर पेंग्विन्सने त्याला तरुण खेळाडूंना घडवण्याच्या कामावरच घेतलं, यात मला काहीच नवल वाटलं नाही.

क्रॉस्बीचंही बघा. २००५ मध्ये तो १८ वर्षांचा असताना या टीममध्ये आला, तेव्हा राहायला कुठे होता? मारिओ लमिउच्या घरी. लमिउ म्हणजे त्या टीमचा दैवत खेळाडू, मालकही तोच, आणि चाळिशीत अजून खेळतही होता. क्रॉस्बी काही वर्षं त्या घरात राहिला. ज्याला असं घरात घेतलं गेलं, तो पुढे शिअरीसारख्या मुलाशी कसा वागला ते ऐका.

१ जून २०१६, फायनलची दुसरी मॅच. समोर सॅन होजे शार्क्स. १-१ बरोबरी, ओव्हरटाइम. ओव्हरटाइममध्ये जो आधी गोल करेल तो जिंकला. फेसऑफ, म्हणजे पंच पक टाकणार आणि दोघे झुंजणार. त्याआधी क्रॉस्बी वळला आणि दोघांना कुठे उभं राहायचं ते सांगून आला. पक त्याने जिंकला, मागे लटँगकडे गेला, तिथून शिअरीकडे, आणि शिअरीने मारला. गोल. लीगमधला सगळ्यात मोठा खेळाडू, एवढ्या मोक्याच्या क्षणी, ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेल्या पोरासाठी डाव आखतो. विश्वास म्हणतात तो हा. "तू चांगला आहेस" असं म्हणणं वेगळं आणि मॅच अडकलेली असताना पास देणं वेगळं.

आता मूळ मुद्दा. गोलकीपर.

पेंग्विन्सचा गोलकीपर होता मार्क-आंद्रे फ्लरी. २००३ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर. १२ जून २००९ ला डेट्रॉइटविरुद्ध सातव्या मॅचच्या शेवटच्या सेकंदाला त्याने लिडस्ट्रमचा शॉट अंगावर घेतला आणि कप पिट्सबर्गला आला. शहराचा लाडका माणूस. ३१ मार्च २०१६ ला त्याच्या डोक्याला मार लागला. मरेही तेव्हाच जखमी झाला, म्हणून प्लेऑफच्या पहिल्या दोन मॅच तिसऱ्याच गोलकीपरने काढल्या. मग मरे परत आला आणि जिंकत सुटला. वय २१.

फ्लरी बरा झाला. टॅम्पा बेविरुद्धच्या सेमीफायनलच्या मालिकेत पाचव्या मॅचला सलिव्हनने त्याला उतरवलं. ती मॅच ओव्हरटाइममध्ये गेली हातची. टीम ३-२ ने मागे, आणखी एक हरले की घरी. अशा वेळी कुठलाही कोच म्हणेल, अनुभवी माणसावर भरवसा ठेवू. सलिव्हनने सहाव्या मॅचला मरेला खेळवलं, त्याच्या बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. ५-२ ने जिंकले. सातव्या मॅचला रस्टने दोन गोल मारले, २-१. आणि १२ जूनला, २००९ च्या त्याच तारखेला, पेंग्विन्सने कप उचलला. मरेचे प्लेऑफमध्ये १५ विजय, नवख्या गोलकीपरच्या विक्रमाशी बरोबरी.

फ्लरीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमची चूक काही नाही. तुम्ही आजारी पडलात, कुणीतरी तात्पुरता तुमच्या खुर्चीत बसला आणि खुर्ची त्याचीच झाली. आपल्यापैकी किती जण त्या मुलाला फाइल कुठे ठेवलीय ते सांगतील?

पुढचं वर्ष आणखी अवघड होतं. एप्रिल २०१७, प्लेऑफची पहिली मॅच, आणि वॉर्म-अपमध्येच मरे जखमी. ऐन वेळी फ्लरी उतरला. कोलंबसला हरवलं. मग त्या सीझनची अव्वल टीम वॉशिंग्टन, तिच्या घरच्या बर्फावर सातवी मॅच, फ्लरीने एकही गोल होऊ दिला नाही, २-०. पुढे ओटावाविरुद्ध तिसऱ्या मॅचला तेरा मिनिटांच्या आत चार गोल झाले. सलिव्हनने त्याला बाहेर काढलं, मरेला आत पाठवलं, आणि पुढे मरेच खेळला. नॅशव्हिलविरुद्ध फायनलच्या शेवटच्या दोन मॅचमध्ये मरेने एकही गोल दिला नाही. पुन्हा कप.

त्या रात्री बर्फावर कप एकेका खेळाडूच्या हातात जात होता. फ्लरीने तो डोक्यावर धरला, फेरी मारली आणि कुणाकडे दिला? मरेकडे.

तुम्ही म्हणाल, हे कॅमेऱ्यासमोरचं झालं. बरोबर. म्हणून मी तुम्हाला एका कागदाबद्दल सांगतो, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्या उन्हाळ्यात वेगास ही नवी टीम लीगमध्ये येत होती, आणि प्रत्येक टीममधून ती एक खेळाडू उचलणार होती. प्रत्येक टीमला फक्त एकच गोलकीपर राखून ठेवता येणार होता. फ्लरीच्या करारात कलम होतं की, त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवायचं नाही. म्हणजे त्याने हट्ट धरला असता, तर पेंग्विन्सला त्यालाच राखावं लागलं असतं आणि मरे उघड्यावर पडला असता. फ्लरीने ती अट सोडली. जूनमध्ये तो वेगासला गेला. मरे राहिला.

आता इथे "चांगलं वागलं की फळ मिळतं" असं मी म्हणणार नाही. फ्लरी चांगला वागला आणि त्याची जागा गेलीच. खेळ हा असाच निर्दय असतो, ऑफिसही. पण गंमत पुढची आहे. वेगास पहिल्याच सीझनला फायनलला पोचली, फ्लरी गोलमध्ये उभा. २०२१ मध्ये त्याला सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी मिळाली. २०२५ मध्ये थांबला तेव्हा नावावर ५७५ विजय, लीगच्या इतिहासात दुसरा क्रमांक. आणि मरे? दुखापतींनी त्याचा पिच्छा सोडला नाही. २०२० मध्ये पेंग्विन्सने त्याला ओटावाकडे देऊन टाकलं. ज्याच्यासाठी जागा केली तो टिकला नाही, ज्याला उठवलं तो पुढे आठ वर्षं खेळला.

मग निर्णय चुकला का? मला नाही तसं वाटत. त्या दोन वर्षांत दोन कप आले, आणि सॅलरी कॅप आल्यापासून सलग दोन वर्षं जिंकणारी ती पहिली टीम ठरली. दोघेही लागले. २०१७ मध्ये मरे नसताना फ्लरी तयार होता, कारण बाकावर बसूनही तो मनाने टीममधून बाहेर पडला नव्हता. तो रुसून बसला असता, तर कोलंबसविरुद्धच गोष्ट संपली असती.

तुमच्यापैकी बरेच जण पहिल्या नोकरीत असाल, किंवा एखाद्या क्लबच्या टीममध्ये नवे असाल. तुम्हाला एवढंच सांगेन की, तुमच्या आधी त्या जागेवर कोण होतं ते एकदा बघा, आणि त्याच्याशी बोला. त्याला जे माहीत आहे ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं. आणि जे वरच्या खुर्चीत आहेत, ते सलिव्हनकडून एक गोष्ट घेऊ शकतात. आधी त्या मुलांना खालच्या मैदानात ओळखा, मग वर आणा, आणि आणल्यावर तुमच्या सगळ्यात चांगल्या माणसाशेजारी बसवा.

आणि फ्लरीची पाळी? ती आपल्या प्रत्येकावर कधी ना कधी येणार आहे. अजून वेळ आहे, पण येणार. तेव्हा काय कराल, त्याचा विचार आत्तापासून करून ठेवा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या टीममधल्या, ऑफिसमधल्या एखाद्या फ्लरीला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.