वाघिणीचा अकरावा आकडा
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले छोटेसे भाषण)



मी डिप्लोमावाला, गणितज्ञ नव्हे. पण मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीवरचा अकरा आकडी नंबर रोज वाचतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या सालाचे, चार तिचे स्वतःचे. अकरावा राखणदार! समजा, १००५०९१६३८१. पहिल्या दहा आकड्यांत सम स्थानांची बेरीज २८, तिची तिप्पट ८४, विषम स्थानांची ५, एकूण ८९. नव्वदला एक कमी, म्हणून शेवटी १. एखादाच आकडा चुकला, तर ताळा हमखास बिघडतो.

एका पावसाळी रात्री दुरुस्तीला काढायच्या वाघिणीचा नंबर मी लिहून दिला, तो १६ च्या जागी ६१ असा. ताळा बरोबर आला, मी निर्धास्त. सकाळी पाहतो तर वाघीण गाडीतच! गाडी सुटायच्या आत सापडली, हे नशीब. वरच्या नंबरात करून पाहा : बेरीज ७९, शेवटी पुन्हा १. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असला, की त्यांची अदलाबदल या ताळ्याला दिसतच नाही. ०५, १६, २७, ३८, ४९, आणि त्यांच्या उलट्या जोड्या.

तेव्हापासून या जोड्या मी खलाशाकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतो. त्याला वाटते, साहेबांना ऐकू कमी येते!