डोळे झांकलेलें पात्र

अभिनयाची चर्चा निघाली कीं आपल्याकडे ती बहुधा डोळ्यांपाशीं येऊन थांबते. त्याला आधारही जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले आहेत. आठ रसांचे, आठ स्थायी भावांचे आणि उरलेले वीस संचारी भावांचे. नाटकगृहांत शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकाला नटाचे डोळे दुरूनच पाहावे लागत. चित्रपटानें ते त्याच्या अगदीं पुढ्यांत आणून ठेविले. प्रभात कंपनीच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटांत व्ही. शांताराम यांनीं राजगुरूचा एक डोळा सबंध पडदाभर दाखविला. हिंदी आवृत्तींत ही भूमिका चंद्रमोहन यांची होती, आणि त्यांच्या घाऱ्या डोळ्यांची कीर्ति त्यांच्या नांवाला कायमची चिकटली. पुढें १९५७ सालीं ‘दो आंखें बारह हाथ’ निघाला. सहा खुनी कैद्यांना वचक बसविणारे व सावरणारे तुरुंगाधिकाऱ्याचे दोन डोळे, ही कल्पनाच तेथें कथेचा कणा झाली.

अशा परंपरेंत वाढलेल्या प्रेक्षकास एक शंका साहजिकच येते. ज्या पात्राचे डोळे काळ्या चष्म्यानें, मुखवट्यानें किंवा अंधारानें झांकले आहेत, त्याच्याशीं आपलें मन जुळावें कसें? जुळणार नाहीं, असें उत्तर देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु ज्या यंत्रांतून हें भाषण आपल्या कानीं पडत आहे, त्यांत डोळे मुळींच दिसत नाहींत; तरीही त्याच यंत्रांतून श्रुतिका ऐकतांना श्रोत्यांचा कंठ दाटून येतो. तेव्हां मन जुळण्याची वाट एकच नसावी, हें उघड आहे.

एच्. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरून १९३३ सालीं ‘द इन्व्हिजिबल मॅन’ हा बोलपट निघाला. त्यांतील नायक क्लॉड रेन्स चित्रपटभर एक तर पट्ट्या गुंडाळून व काळा चष्मा लावून वावरतो, नाहीं तर मुळींच दिसत नाहीं. त्याचा चेहरा प्रेक्षकाला दिसतो तो अगदीं शेवटीं, मरणानंतर, क्षणभर. मग ज्या माणसाचें भय वाटतें, आणि थोडीशी कींवही येते, तो माणूस इतका वेळ असतो कोठें? तो असतो आवाजांत. जपानांतील नो नाटकांत तर आवाजाइतकेंच काम मान करते. तेथील लाकडी मुखवट्याची रेषाही हलत नाहीं. परंतु नटानें तो किंचित् वर उचलला कीं मुद्रा उजळल्यासारखी भासते, आणि खालीं झुकविला कीं तिच्यावर मळभ येतें.

‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रमालिकेंतील डार्थ व्हेडर याचें उदाहरण याच जातीचें आहे. काळ्या शिरस्त्राणाखालीं त्याचें सर्व तोंड झांकलेलें असतें. १९८३ च्या चित्रपटांत सम्राट् त्याच्या मुलाचा त्याच्या डोळ्यांदेखत छळ करितो. व्हेडर एकदां मुलाकडे पाहतो, एकदां सम्राटाकडे. मुखवटा जसाच्या तसा. तरी त्या निर्जीव काळ्या पृष्ठावर बापाच्या मनांतील घालमेल प्रेक्षक वाचीत असतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनीं १९२० च्या सुमारास एका नटाचा निर्विकार चेहरा कधीं अन्नाच्या थाळीला, तर कधीं शवपेटिकेला जोडून दाखविला, आणि पाहणारांनीं त्या एकाच चेहऱ्यांत भूक व शोक दोन्ही पाहिले, असें सांगतात. व्हेडरच्या मुखवट्याचें मर्म तेंच आहे. पुढें निघालेल्या एका आवृत्तींत या प्रसंगीं त्याच्या तोंडीं नकाराचा उद्गार घालण्यांत आला. तो घातला नसता तर फार बरें झालें असतें. प्रेक्षक स्वतः जेवीत असतांना त्याला घांस भरविण्याचें कारण काय?

परंतु मुखवटा हा झाला उघड पडदा. खरी परीक्षा होते ती माणसाचा चेहरा उघडा असूनही त्याचे डोळे हिरावून घेतले जातात तेव्हां. हॉलीवूडचा जुना दंडक असा, कीं प्रमुख नटाच्या डोळ्यांत चमक पाहिजेच. त्यासाठीं कॅमेऱ्याजवळ एक लहानसा दिवा मुद्दाम ठेवीत. १९७२ सालच्या ‘द गॉडफादर’ या चित्रपटांत छायालेखक गॉर्डन विलिस यांनीं हा दंडक मोडला. मार्लन ब्रँडो यांच्या वृद्धत्वाच्या रंगभूषेला साजेल असा प्रकाश त्यांनीं थेट डोक्यावरून पाडला. त्यामुळें भुवयांखालीं काळोखाच्या दोन खांचा पडल्या व डोळे त्यांत बुडाले. निर्मात्या कंपनीकडून कुरकुर झाली. विलिस यांचें म्हणणें असें, कीं या माणसाच्या मनांत काय चाललें आहे हें कधीं कधीं कळूंच नये.

आरंभींचा प्रसंग आठवावा. बाहेर बागेंत लखलखीत उन्हांत मुलीचें लग्न चाललें आहे, आणि आंत अंधाऱ्या खोलींत एक शवसंस्कार करणारा गृहस्थ आपल्या मुलीवरील अत्याचाराचा सूड मागावयास आला आहे. डॉनच्या मनांत दया आहे कीं केवळ हिशेब? त्या गृहस्थाला तें कळत नाहीं, आणि प्रेक्षकालाही नाहीं. दोघेही त्याच्या हाताकडे, मानेकडे, खरखरीत आवाजाकडे पाहत अंदाज बांधीत राहतात. येथें डोळे दिसले असते, तर त्या याचकाच्या जागीं आपण क्षणभरही बसलों नसतों. उत्तरार्धांत हाच डॉन भर उजेडांत बागेंत धाकट्या मुलाशीं बोलत बसतो. आतां ते थकलेले डोळे दिसतात, आणि ज्याला इतका वेळ भ्यालों तो एक म्हातारा बाप आहे, हें ध्यानांत येऊन काळजांत चर्र होतें. आधींचा काळोख नसता, तर या उजेडाला मोल आलें नसतें.

याचा अर्थ वाटेल तेथें डोळे झांकावे असा मात्र नव्हे. चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ (१९३१) मध्यें दृष्टि लाभलेली फुलवाली हाताच्या स्पर्शावरून आपल्या उपकारकर्त्याला ओळखते, आणि त्याच्या फाटक्या वेषाकडे पाहतच राहते. त्या वेळीं त्याच्या डोळ्यांत आशा व लाज एकाच वेळीं उभीं असतात. तेथें काळा चष्मा असता तर चित्रपटच बुडाला असता. जें पात्र स्वतः कांहीं लपवितें किंवा ज्याची भीति वाटावयास हवी, त्याचे डोळे झांकलेले शोभतात. जें पात्र उघडें पडत आहे, त्याचे झांकणें ही प्रेक्षकाची लूट होय. आणि निव्वळ ऐटीसाठीं डोळ्यांवर चढविलेला चष्मा तर यांपैकीं कोणत्याच खात्यांत बसत नाहीं. त्यांत नटाचा शिंपी तेवढा दिसतो.

ही पारख सत्यजित राय यांना उत्तम साधली होती. त्यांच्या ‘नायक’ (१९६६) या बंगाली चित्रपटांत उत्तमकुमार यांनीं अरिंदम नांवाच्या लोकप्रिय नटाची भूमिका केली आहे. तो पारितोषिक घेण्यासाठीं आगगाडीनें दिल्लीस निघाला आहे, आणि काळा चष्मा ही त्याची लोकांपासूनची ढाल आहे. गाडींत त्याला अदिति भेटते. ती स्त्रियांचें एक मासिक चालविते. हळूहळू बोलतां बोलतां त्याची भीति, त्याचा अपराधभाव, त्याचें एकटेपण बाहेर येतें. चष्म्यामागचा माणूस तिला दिसतो, आणि तिच्यामुळेंच प्रेक्षकालाही. तिनें त्याच्याविषयीं टिपणें करून ठेविलेलीं असतात; शेवटीं ती तीं फाडून टाकते. मग दिल्लीचें स्थानक येतें. फलाटावर हार घेऊन गर्दी जमते, अरिंदमच्या डोळ्यांवर पुन्हां काळा चष्मा असतो, आणि गर्दीला तिचा नेहमींचा नट मिळतो. त्या काचांमागें काय आहे हें ठाऊक असलेली एकच व्यक्ति त्या फलाटावर असते, आणि ती त्याच गर्दींतून वाट काढीत निघून जाते.