खारकेच्या वाटणीचा बदाम



निवेदकांनी आत्ता माझी ओळख कवी म्हणून करून दिली. पण आजचा विषय कवितेचा नाही. मांजराला बदाम द्यावा का, काजू-पिस्ते द्यावेत का, शेंगदाणे चालतात का, असा तो साधा घरगुती प्रश्न आहे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. जनावरांच्या खाण्यापिण्यातलं मला काय कळणार, असं कुणी म्हणालं तर ते बरोबरच आहे. पण याच प्रश्नापायी आमच्या घरात एका ईदच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून, थोडंफार वाचून जे समजलं, ते सांगतो.

आमचं घर मिरजेतलं. 2014 साली अब्बांनी बाजारातून येताना मेथीच्या जुडीबरोबर पिशवीतून मांजराचं पिलू आणलं. रंग थेट खारकेचा. शिरखुर्म्यासाठी आणलेल्या खारकांशेजारी त्याला ठेवलं असतं तर ओळखू आलं नसतं, म्हणून नाव पडलं खारीक. आमच्या घरात बोलतात दखनी आणि मी लिहितो मराठीत. खारकेला दोन्ही भाषा कळायच्या, ऐकायची मात्र ती फक्त अब्बांचं.

अब्बा रोज रात्री पाच बदाम भिजत घालायचे. सकाळी ते सोलायचे. दोन त्यांचे, दोन अम्मीचे आणि पाचवा खारकेचा. तो ते खलात ठेचून बोटाला लावायचे आणि तिला चाटवायचे. 2016 मध्ये अब्बा गेले. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, पण रात्री अम्मीनं वाटी घेतली आणि तीन बदाम भिजत घातले. अब्बांचे दोन बंद झाले, खारकेचा चालू राहिला. त्या बदामाला हात लावण्याची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत नव्हती, ती का, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

2019 ची रमजान ईद जूनमध्ये आली. सगळी भावंडं, त्यांची मुलं मिरजेत जमलेली. शिरखुर्म्याची तयारी म्हणजे घरभर सुकामेवा. शेजारीच तासगाव, त्यामुळे बेदाण्यांना आमच्याकडे तोटा नाही. दादीनं मांजराला बदाम चाटवलेला मुलांनी सकाळी पाहिला आणि त्यांना वाटलं, खारकेला सुकामेवा आवडतो. मग काय, दिवसभर कुणी तुपात तळलेला काजू, कुणी खारा पिस्ता, कुणी बेदाणा, असा तिचा पाहुणचार चालला.

रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. पहिल्या उलटीत अर्धा काजू अख्खाच्या अख्खा पडला. सकाळी ती मांडणीखाली पाठ वर काढून, पोट आखडून बसली होती. पाण्यालाही तोंड लावेना. शेजारच्या एकांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्यायला सांगितलं. नशीब, घरात गोळी नव्हती. ही गोळी मांजराला जिवावर बेतणारी असते, हे नंतर कळलं. अम्मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मैंच खिलाई उसको." मांजराला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची गोष्ट लहानपणी आम्हाला सांगणारी माझी आई. खाऊ घालूनही मांजर मरू शकतं, हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आधी मुलांना रांगेत उभं केलं आणि कुणी काय दिलं ते विचारलं. सगळ्यात धाकट्यानं बोटं मोजून काजूंचा आकडा सांगितला आणि तो रडायला लागला. सगळ्यांचे मिळून काजू-पिस्ते दहा-बाराच्या घरात गेले, शिवाय बेदाणे. बाई म्हणाल्या, "चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. एका काजूत सुमारे नऊ असतात. आता तुम्हीच हिशेब करा." मी गणितात कच्चा, पण एवढं जमलं. दिवसाच्या गरजेचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग तिनं वरखाऊमध्येच खाल्ला होता, तोही बहुतेक चरबीच्या रूपात. बदामाचं जवळजवळ निम्मं वजन चरबीचं असतं, शेंगदाण्याचंही तसंच, आणि अक्रोडात तर त्याहून जास्त. एवढ्या चरबीनं मांजराचं पोट बिघडतं. बाईंना काळजी होती ती स्वादुपिंडाला सूज येण्याची. शिवाय मांजर दोन-तीन दिवस काही खाईनासं झालं की त्याच्या यकृतात चरबी साठू लागते, आणि मग ते दुखणं मूळ दुखण्यापेक्षा भारी पडतं.

तो अर्धा काजू अख्खा कसा पडला, हे मला कोडंच होतं. बाईंनी खारकेचा जबडा उघडून दाखवला. मांजराला तीस दात असतात, पण आपल्या दाढांसारखी सपाट दाढ एकही नाही. त्याचा जबडा कात्रीसारखा चालतो, जात्यासारखा नाही. मांस कापायचं आणि गिळायचं. त्यामुळे अख्खा बदाम किंवा काजू घशात अडकू शकतो, आणि तिथून सुटला तर आतड्यात अडकू शकतो.

मग बदाम हे मांजराला विष आहे का? तसं नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण अम्मीला मला तेच आधी सांगायचं होतं. साधा गोडा बदाम, काजू, पिस्ता, शेंगदाणा यांचा एखादा कण पोटात गेला म्हणून मांजर मरत नाही. कडू बदाम मात्र वेगळा, त्यातून पोटात सायनाइड तयार होतं. मॅकाडेमिया नावाचा परदेशी मेवा आता आपल्या दुकानांतही दिसतो. त्यानं कुत्र्यांचे मागचे पाय लुळे पडतात, अंग कापतं. मांजरालाही तो देऊ नये असंच डॉक्टर सांगतात. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा-तज्ज्ञ पशुवैद्यांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. हेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. म्हणून बाईंनी खारकेचं रक्त तपासलं. मूत्रपिंडं शाबूत होती.

आणि शेंगदाण्याचं काय? खमंग भाजलेल्या दाण्यानं फार काही होत नाही, पण आपण दाणे नुसते कुठे खातो? खारे दाणे, लसणाचे दाणे, चिवडा, फरसाण. त्यातलं मीठ वाईट आणि लसूण-कांदा तर फारच वाईट, कारण त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. खवट, बुरशी लागलेले दाणे "माणसाला नको तर मांजराला टाका" म्हणून टाकू नयेत. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनं. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात आणि ते यकृतावर घाव घालतं.

तीन दिवस सलाईन आणि उलट्या थांबवायची इंजेक्शनं झाल्यावर खारीक सावरली. घरी आल्यावर अवघड काम माझ्या वाट्याला आलं. अम्मीला बदाम बंद करायला सांगायचं होतं. एका बदामात सातच कॅलरी, पण खारकेच्या मापानं तो आपल्या एका फुलक्याएवढा पडतो, आणि त्यातून तिला काहीच मिळत नाही. मांजर नुसत्या मांसावर जगणारा जीव आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की मांजराचं काळीज फुगतं आणि दुबळं होतं, हे अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी 1987 मध्ये दाखवून दिलं. बदामात टॉरिन नाही.

हे सगळं मी अम्मीला जमेल तसं सांगितलं. शेवटी तिला म्हणालो, की 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय, मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, गोडाची जाणीव देणारं जनुकच त्याच्यात बिघडलेलं असतं. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो इतने बरस क्या चाटती थी?"

मी कवी. अशा वेळी मला उत्तर सुचायला हवं होतं. सुचलं नाही. नंतर बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तेलकटपणाचा वास तिला आवडत असेल. शक्य आहे. अम्मीचा खरा प्रश्न पुढचा होता. "तुझ्या अब्बांनी तिला रोज चुकीचं खायला घातलं का?" मी म्हटलं, एका ठेचलेल्या बदामानं तिचं काही बिघडलं नाही, बिघडलं ते ईदच्या दिवशी, आमच्या मुलांच्या हातून. हे खोटं नव्हतं. तरी सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तोडगा बाईंनीच काढला. वेळ तीच, बोट तेच, बदामाऐवजी उकडलेल्या कोंबडीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. त्यात मीठ नाही, कांदा नाही. शिरखुर्म्याचं दूधही नाही, कारण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. पहिले चार दिवस खारीक खलाकडे बघत बसली. पाचव्या दिवसापासून तिनं खलाकडे पाहणं सोडलं.

आता तीही म्हातारी झाली आहे. परवा मिरजेला गेलो होतो. सकाळी अम्मीनं वाटी पुढे ओढली. तीन बदाम होते. दोन तिनं खाल्ले, तिसरा सोलून माझ्या हातावर ठेवला. मी काही बोललो नाही, खाऊन टाकला. खारीक उंबऱ्याशी बसून आपला तुकडा खात होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.