भिंतीवरचा एसी गार का करीत नाही?

(मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास केलेले भाषण)



चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलायचे म्हणजे विषय कैरीच्या डाळीचा किंवा पन्ह्याचा असावा, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आपल्या चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे ते एका भलत्याच विषयासाठी. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी जो प्रकार घडला तो त्यांच्या कानावर गेला होता. "तोच सांगा, दहा घरांचे पैसे वाचतील," असे त्या म्हणाल्या. मी काही यंत्रशास्त्र शिकलेली बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. ठेच लागल्यावर जे शहाणपण आले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपल्या आंबिवलीचा उन्हाळा आपणांस मी काय सांगावा? समुद्रावरचा वारा आपल्यापर्यंत येईतो त्यातला गारवा सरलेला असतो. मुंबईत पारा ३४-३५ अंशांवर असतो, त्याच दिवशी इकडे तो चाळिशी गाठतो. माझे सासरे मोहन्याच्या एन.आर.सी. कारखान्यात नोकरीला होते, म्हणून आम्ही इथले. त्या काळी कौलारू घर होते. अंगणात पाणी शिंपडावे, बाज टाकावी, की रात्र निघून जाई. पुढे २००९ साली कारखाना बंद पडला. बैठी घरे जाऊन इमारती आल्या आणि आम्ही चौथ्या मजल्यावर येऊन पडलो. वर तापलेली गच्ची, आणि खाली ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई! दुपारी त्यांचा जीव घाबरा होई. म्हणून त्यांच्या खोलीत एसी बसवला. चैनीखातर नव्हे.

दोन उन्हाळे तो उत्तम चालला. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र दुपार झाली की नुसता वारा येई, गारवा नाही. माणूस बोलावला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "काकू, गॅस संपलाय." गॅस भरला, अडीच हजार रुपये घेतले. त्याच्यादेखत खोली गार झाली, आम्ही समाधानाने त्याला सरबत दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच! मग दुसरा माणूस बोलावला. त्यानेही गॅसच भरला, पैसेही तेवढेच घेतले, आणि त्याच्यादेखतही खोली गार झाली. दोन दिवसांनी दुपारी सासूबाई उठून बसायला गेल्या तो त्यांना घेरी आली. डॉक्टर म्हणाले, "उष्म्याचा त्रास आहे. यांना गार जागेतच ठेवायला हवे." पाच हजार रुपये मोजून मी ज्या खोलीला गार समजत होते, तिथेच हे घडले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोडे सोडवले ते सासूबाईंनीच. दिवसभर पडून असल्यामुळे त्यांचे कान घरभर असतात. त्या म्हणाल्या, "अगं, तो माणूस असतो तोवर यंत्र नीट चालतं. तो गेला की थोड्या वेळाने बाहेरची घरघर बंद पडते, मग पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. तो असताना तू काय करतेस आणि तो गेल्यावर काय करतेस, ते बघ जरा."

मी विचार करू लागले. एसीचा बाहेरचा भाग आमच्या गॅलरीत आहे. आदल्या दिवाळीत कबुतरांच्या आणि धुळीच्या त्रासाने त्या गॅलरीला मी सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या. दुरुस्तीचा माणूस आला की काचा उघडून, कपड्यांची घोडी बाजूला सारून तो गॅलरीत बसे. तो गेला की मी गॅलरी पुसून काचा लावून घेई आणि घोडी पुन्हा यंत्रासमोर उभी करी. आमच्या खालच्या मजल्यावरची एक मुलगी आय.टी.आय.मध्ये हेच काम शिकते. तिला वर बोलावले. बंद गॅलरीत पाऊल टाकताच ती म्हणाली, "काकू, इथे तर भट्टी झाली आहे! यंत्र जी गरम हवा फेकतं, तीच पुन्हा आत ओढतं. शेवटी इतकं तापतं, की स्वतःला वाचवायला आपणच बंद पडतं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे धुराडं बुजवून चूल पेटवली म्हणा की!"

भगिनींनो, पुढे मी बरेच वाचले, चार जाणत्यांना विचारले, परंतु याहून सोपे स्पष्टीकरण मला कुठे मिळाले नाही. एसी थंडी तयार करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, एवढेच त्याचे काम. माठातले पाणी गार का होते? झिरपणारे पाणी वाफ होऊन उडताना माठाची उष्णता घेऊन जाते. एसीतही तसेच होते. आतल्या नळ्यांत एक द्रव उकळून त्याचा वायू होतो आणि तो होताना खोलीची उष्णता शोषून घेतो. बाहेरचा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून तापवतो, बाहेरचा पंखा ती उष्णता हवेत उधळतो, आणि वायूचा पुन्हा द्रव होऊन तो आत येतो. 'एक टनाचा एसी' म्हणजे त्याचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ती ताकद आहे. म्हणून एसी गार करीत नसला, तर उष्णतेची वाट कुठे अडली आहे हे आधी पाहावे. पैशाचे पाकीट त्यानंतर उघडावे.

ही वाट पाहण्याचा क्रम आता सांगते.

पहिला रिमोट. हसू नका! त्यावर बर्फाच्या कणाचे चिन्ह आहे ना, हे पाहावे. पंख्याचे चिन्ह असेल तर नुसता वारा येणार. नातवंडांच्या हातून हे हमखास बदलते. ठरवलेला अंश खोलीच्या तपमानाहून कमी आहे ना, टायमर लागलेला नाही ना, हेही बघावे. आणि १६ अंशांवर ठेवले की खोली लवकर गार होते, हा भ्रम सोडावा. तापलेल्या खोलीत यंत्र २४ वरही पूर्ण जोर लावतेच. १ जानेवारी २०२० पासून ताऱ्यांची खूण असलेल्या नव्या एसींचे मूळ तपमान २४ अंशच ठेवलेले असते. सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे असे, की एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

दुसरी आतली जाळी. मुख्य बटण बंद करून एसीचे पुढचे झाकण उचलले की जाळी हाताने निघते. ती नळाखाली मऊ ब्रशाने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि मग बसवावी. आपल्याकडे रस्त्याची आणि बांधकामांची धूळ एवढी, की उन्हाळ्यात दर पंधरवड्याला हे करावेच. जाळी तुंबली की हवा कमी जाते आणि आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो. मग गारवा जातो आणि भिंतीवरून पाणी ठिबकू लागते. बर्फ दिसला तर तो खरवडू नये. गार करणे बंद करून नुसता पंखा दोन-तीन तास चालू ठेवावा. बर्फ आपसूक वितळेल. जाळी स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला, तर मात्र माणूस बोलवावा.

तिसरा बाहेरचा भाग, म्हणजे आमचे धुराडे. त्याच्या पुढे-मागे मोकळी जागा हवी. काचा, कपडे, ताडपत्री, कुंड्या, कबुतराचे घरटे, काहीही आड येता कामा नये. पावसाळ्यात बांधलेले प्लास्टिक उन्हाळ्यात राहून गेले नाही ना, तेही पाहावे. तो गॅलरीत असेल तर डोळ्यांनी तपासणे सोपे आहे. बाहेरच्या भिंतीवर टांगलेला असेल तर खिडकीतून वाकून हात घालू नका. ते काम कमरेला दोर बांधून येणाऱ्या माणसाचे आहे. त्याच्याकडून वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, दोन्ही भाग धुऊन घ्यावेत.

चौथी खोली. दाराखालची फट, पश्चिमेची उघडी खिडकी, शेजारच्या स्वयंपाकघरातील शेगडी, यांतून उष्णता आत येत राहिली तर यंत्र तरी किती उपसणार? जाड पडदा लावावा, छताचा पंखा मंद ठेवावा. एक टनाचा एसी साधारण शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला पुरतो, आणि वर तापलेली गच्ची असेल तर त्याहूनही कमी जागेला. दिवाणखान्याला तो पुरला नाही तर तो बिघाड नव्हे.

पाचवी वीज. संध्याकाळी साऱ्या इमारतीचे एसी एकदम सुरू होतात. त्या वेळी दिवे मंद दिसत असतील तर दाब कमी आहे असे समजावे. कमी दाबात कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. वीज जाऊन आली की निदान तीन मिनिटे थांबून एसी लावावा. प्लग गरम लागला किंवा जळका वास आला, तर तत्क्षणी मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावे.

हे सर्व झाल्यावर एक परीक्षा करावी. हवामान मोजायचा साधा तापमापक आणावा, तापाचा नव्हे. एसी पंधरा मिनिटे चालू द्यावा. मग वरून आत जाणाऱ्या हवेचे आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचे तपमान पाहावे. खोली गरम असताना त्या दोहोंत आठ ते बारा अंशांचा फरक असेल, तर यंत्र आपले काम करते आहे; दोष खोलीत शोधावा. फरक दोन-चार अंशच असेल तर माणूस बोलवावा आणि हे आकडे त्याला सांगावेत. आकडे सांगणाऱ्या बाईला कोणी सहसा फसवीत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता त्या 'गॅस संपला'विषयी. हा गॅस आपल्या शेगडीतल्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठेतरी गळती आहे. ती गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. म्हणून चार प्रश्न विचारावेत. गळती कुठे आहे, दाखवाल का? ती बुजवल्यावर दाब देऊन तपासणार ना? भरण्याआधी पंपाने नळ्यांतली हवा काढणार ना? आणि गॅस काट्यावर तोलून भरणार ना? कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे बाहेरच्या भागावरील पट्टीवर छापलेले असते. पावती घ्यावी आणि हमीची मुदत पाहावी. खरी गळतीही असते, आणि प्रामाणिक कारागीरही पुष्कळ आहेत. अशा कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही.

एक ताकीद. जाळीपलीकडचे झाकण आपण उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही धक्का देण्याइतकी वीज उरते. शिवाय हल्लीच्या पुष्कळ एसींत आर-३२ हा वायू असतो आणि तो पेट घेऊ शकतो. काहींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन असतो. तो तर सहज पेटतो. हे काम शिकलेल्या हातांचेच आहे.

आणि यंत्र बंद असेल त्या दुपारी म्हाताऱ्या माणसांना व तान्ह्या मुलांना विसरू नका. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे त्यांना न्या, अंगावर ओले फडके फिरवा. वडील माणसांना घोटघोट पाणी द्या, तान्ह्याला वरचेवर पाजा. माणूस बरळू लागला, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. तोंडात पाणी ओतू नये. अंग गार करीत राहून लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

आमच्या घरी शेवटी काय झाले? गॅलरीच्या यंत्रासमोरच्या काचा काढल्या, कबुतरांसाठी मोठ्या भोकांची जाळी लावली, कपड्यांची घोडी दुसऱ्या खिडकीत गेली. खर्च आठशे रुपये. त्या दुपारी सासूबाईंनी पायांवर चादर ओढून घेतली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्या दोघा माणसांवर मी पुष्कळ रागावले होते. परंतु धुराडे बुजवले होते मीच, आणि काय बदलले हे स्वतःला न विचारता पैसे दिले तेही मीच. यंत्र म्हटले की आपण बायका बाजूला होतो आणि पुरुषाने किंवा कारागिराने सांगितलेले खरे मानतो. चुलीपासून मिक्सरपर्यंत घरातले प्रत्येक साधन आपण ऐकून, हुंगून, हात लावून ओळखले आहे. हेही त्यातलेच एक आहे.

घरी गेल्यावर आज एवढेच करा. एसीची जाळी काढून पाहा आणि बाहेरच्या भागासमोर काय ठेवले आहे ते पाहा. ज्यांच्या घरी एसी नाही, त्यांनी शेजारच्या आजींची दुपार कशी जाते ते विचारा.

कैरीची डाळ वाट पाहते आहे, तेव्हा माझे दोन शब्द पुरे करते.