अर्जांची गुप्तता आणि एका पॅकेजची हकिगत
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा 'शिक्षकी पेशातील आठवणी' हा विषय सुचविला होता. त्या आठवणी आपण गेली चार वर्षे ऐकत आहात. पाचव्या वर्षी त्याच ऐकविणे म्हणजे आपल्या सहनशीलतेचा अंत पाहणे होय. म्हणून यंदा आम्ही संगणकाविषयी बोलण्याचे योजिले आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाने हा विषय हाती घ्यावा हे धाडसच खरे. पण तो घ्यावा लागला त्याचे कारण आपल्या शिष्यवृत्ती निधीशी निगडित आहे, आणि त्यात आमचा स्वतःचा एक अपराधही आहे.

तो अपराध आधी सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची यादी, म्हणजे नावे, पालकांचे उत्पन्न आणि घरच्या अडचणी, समितीच्या दोघा सभासदांस पाठवावयाची होती. ती आमच्या हातून व्हॉट्सॲपवरील सबंध ज्ञातीच्या मोठ्या गटात गेली. पाच मिनिटांत आम्ही ती पुसली. परंतु पाच मिनिटे पुष्कळ झाली. पुढे एका मुलीचे लग्न ठरताना पलीकडच्या मंडळींनी 'यांचे शिक्षण मंडळाच्या पैशावर झाले' असा शब्द काढला. लग्न पार पडले, पण मुलीच्या वडिलांनी त्यानंतर आपल्या कार्यालयाची पायरी चढलेली नाही. आजही ते येथे आलेले नाहीत.

यात त्या ॲपचा दोष नव्हता, हेही सांगितले पाहिजे. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश अशा रीतीने कुलूपबंद होऊन जातात की पाठविणारा आणि घेणारा यांवाचून मधल्या कोणास ते वाचता येत नाहीत. ही कुलपाची पद्धत मुळात 'सिग्नल' नावाचे ॲप करणाऱ्यांचीच आहे. कुलूप भक्कम होते; आम्हीच दार चुकलो. म्हणून समितीने ठरविले की अर्जांचे काम मोठ्या गटाच्या वाऱ्यासही उभे राहू नये. तिघा सभासदांनी सिग्नल घ्यावे, त्यावर दुसरे काहीही बोलू नये, आणि संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप नाहीसे होतील अशी व्यवस्था ठेवावी. सिग्नलमागे नफ्यासाठी न चालणारी एक संस्था आहे; ती २०१८ मध्ये स्थापन झाली. ॲपची मूळ आज्ञावली कोणासही वाचावयास खुली आहे.

आता कार्यालयाचा संगणक. तो दान म्हणून मिळालेला, जुना, आणि विंडोजच्या ओझ्याखाली कण्हणारा. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यावर 'डेबियन' नावाचे लिनक्स बसवून दिले, तेव्हापासून तो तरुण झाल्यासारखा चालतो. अर्जांचे कागद स्कॅन होऊन याच संगणकात असतात, आणि आमच्या तिघांच्याही दृष्टीस मोबाईलपेक्षा मोठा पडदा बरा. म्हणून एका उत्साही सभासदाने सिग्नलची एक फाइल उतरवून घेऊन संगणकात बसविली. तीन महिने सर्व उत्तम चालले. मग नेमके निवडीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी पडद्यावर सूचना आली की ही आवृत्ती मुदतबाह्य झाली आहे, आणि ॲपने कागद पाठविण्याचे नाकारले. सातआठ वेळा आम्ही तेच बटन दाबले. चिटणीस म्हणाले, "गुरुजी, आजच्यापुरते जुन्या गटातून पाठवू या का?" ते थट्टेने म्हणाले असतील, पण आमच्या पोटात गोळा आला.

त्याच माजी विद्यार्थ्यास फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, सिग्नल डेबियनच्या भांडारात नाही, त्यामुळे त्याच्या नव्या आवृत्त्या तुमच्या संगणकात आपोआप येत नाहीत. त्या ॲपची प्रत सुमारे नव्वद दिवसांनी स्वतःहून बंद पडते. जुने कुलूप कोणी वापरीत राहू नये म्हणून त्यांनीच तसे केले आहे." आम्ही विचारले की एवढे नावाजलेले ॲप भांडारात का नाही. त्याचे उत्तर ऐकण्यात तो सबंध महिना गेला, आणि तीच आजची हकिगत होय.

डेबियन हे १९९३ मध्ये इयान मरडॉक यांनी सुरू केलेले काम. जगभरातील स्वयंसेवक ते चालवितात. हजारो सॉफ्टवेअरे ते गोळा करतात, तपासतात आणि एकेकाचे 'पॅकेज' बांधून भांडारात ठेवतात. प्रत्येक पॅकेजास सांभाळणारा कोणी तरी असतो. आपण त्यास पालक म्हणू. डेबियनची शिस्त आम्ही आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत समजून घेतली. पीठ बाहेरून आणावयाचे नाही. धान्य आणावयाचे, निवडावयाचे, आणि आपल्याच जात्यावर दळावयाचे. म्हणजे मूळ आज्ञावली घेऊन तिच्यापासून चालते ॲप स्वतः तयार करावयाचे. दळण चालू असताना जाते सोडून शेजारी उसने आणावयास जाण्याचीही मनाई आहे. बांधणी चालली असता इंटरनेटवरून काहीही ओढता येत नाही.

सिग्नलच्या बाबतीत अडचण येथेच येते. त्याचे संगणकावरील रूप २०१७ पासून 'इलेक्ट्रॉन' नावाच्या साच्यात बनते. त्या साच्याच्या पोटात क्रोमियम हा सबंध ब्राउझर असतो, आणि त्याखेरीज इतरांनी लिहिलेले लहानमोठे शेकडो तुकडे लागतात. डेबियनमध्ये आणावयाचे तर यांतील प्रत्येक धान्य निवडून, परवाना पाहून, वेगळे दळावे लागेल. डेबियनच्या भांडारात इलेक्ट्रॉनच नाही. 'सिग्नल आणावे' ही विनंती तेथे कित्येक वर्षे नोंदलेली आहे. पण एवढ्या कुटुंबाचे पालकत्व घेणार कोण?

दुसरी अडचण वेळेची. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. बारावी जून २०२३ मध्ये निघाली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. मधल्या काळात दोष आणि सुरक्षिततेच्या त्रुटी दुरुस्त होतात, परंतु नवी आवृत्ती सहसा घेत नाहीत. ब्राउझर हे त्यास अपवाद, आणि त्यासाठी काही माणसे सतत राबत असतात. एकीकडे दोन वर्षे न हलणारे भांडार, दुसरीकडे नव्वद दिवसांत कालबाह्य होणारे ॲप!

आमचा पहिला ग्रह असा झाला की सिग्नलवाले हटवादी आहेत. त्यांस दुसऱ्यांनी बांधलेल्या प्रती फारशा रुचत नाहीत. २०१६ मध्ये 'लिब्रेसिग्नल' नावाची वेगळी प्रत काही मंडळींनी काढली, तेव्हा सिग्नलचे प्रवर्तक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी आपले नाव आणि आपले सर्व्हर वापरण्यास हरकत घेतली, आणि ते काम थांबले. आज्ञावली सर्वांस खुली म्हणावयाची आणि वर ही अट, हे आम्हांस रुचले नाही.

पण मग विद्यार्थ्याने २००६ ची गोष्ट सांगितली. कुलुपे तयार करणारे 'ओपनएसएसएल' हे सॉफ्टवेअर डेबियनमध्ये होते. तपासणीच्या एका साधनाने त्यातील काही ओळींविषयी कुरकुर केली, म्हणून पालकाने सद्भावनेने त्या काढून टाकल्या. त्या ओळी चाव्यांना बेभरवशाचा, कोणास ओळखता न येणारा आकार देत होत्या. त्या गेल्यावर एका प्रकारच्या संगणकावर एका मापाच्या सुमारे ३२ हजारच निरनिराळ्या चाव्या बनू शकत, आणि इतक्या चाव्या संगणक भराभर लावून पाहतो. हे उघडकीस आले मे २००८ मध्ये. पावणेदोन वर्षे असंख्य दारांवर अशी कुलुपे होती, आणि वरून ती अगदी चांगली दिसत होती. म्हणजे सिग्नलवाल्यांच्या भीतीस आधार आहे. दुसऱ्याने दळलेल्या पिठात खडा निघाला तर नाव धान्यवाल्याचेच बद्द होते.

मात्र डेबियनचा हळूपणाही व्यर्थ नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लहानशा सॉफ्टवेअरमध्ये कोणी मुद्दाम चोरदार घातल्याचे आढळले. विशेष म्हणजे ती लबाडी वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात पुरी झाली होती. उघड्यावर ठेवलेली आज्ञावली वाचणाऱ्यास ती सबंध दिसली नसती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ती सापडली. डेबियनच्या चाचणीतील आवृत्त्यांत ती शिरली होती. स्थिर आवृत्तीत पोहोचली नव्हती. आमच्यासारख्यांच्या कार्यालयांत स्थिर आवृत्तीच असते.

दोन्ही पक्ष आपापल्या जागी प्रामाणिक आहेत असे आमचे मत झाले. तंटा दोन सज्जनांत असला की तो लवकर मिटत नाही, हे आपल्या मंडळाच्या घटनादुरुस्तीवरून आपणांस ठाऊकच आहे.

त्या संध्याकाळी काय केले ते राहिले. सिग्नलचे स्वतःचे निराळे भांडार आहे. त्याची सही ओळखणारी चावी सिग्नलच्याच संकेतस्थळावरून घ्यावयाची, ते भांडार संगणकाच्या यादीत नोंदवावयाचे, म्हणजे पुढील आवृत्त्या इतर पॅकेजांबरोबर येत राहतात. सभासदाने नुसती फाइल आणली होती, ही नोंद केली नव्हती, चूक एवढीच. विद्यार्थ्याने फोनवर एकेक अक्षर सांगितले आणि आम्ही श्रुतलेखनासारखे टंकित केले. मध्ये 'झेनियल' असा शब्द आला. ते उबुंटू नामक भावंडाच्या २०१६ च्या आवृत्तीचे नाव. आम्ही लगेच शंका काढली. "गुरुजी, तो शब्द तसाच राहू द्या," तो म्हणाला. आयुष्यभर मुलांस शंका विचारा म्हणून सांगितले, त्याचे फळ त्या बिचाऱ्यास मिळाले. साडेनऊच्या सुमारास कागद रवाना झाले. निवड दुसऱ्या दिवशी झाली. कोणाची झाली हे तिघांस आणि त्या घरांस ठाऊक आहे.

यात मनास टोचणारी गोष्ट एक उरते. आम्ही डेबियनच्या भांडारावर विश्वास ठेवून होतो. आता आणखी एका भांडारास घराची किल्ली दिली, कारण अशा भांडारातून येणारे पॅकेज संगणकावर पूर्ण अधिकाराने बसते. ती आम्ही समजूनउमजून दिली आणि समितीच्या वहीत तशी नोंद केली.

आपल्या ज्ञातीत आता संगणक अभियंते पुष्कळ आहेत. पुण्याबंगळुरास आहेत, परदेशीही आहेत. डेबियनचे वार्षिक जागतिक संमेलन सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच देशात, कोचीस भरले होते. सिग्नलसारखा पर्वत एकट्याने उचलावा असे आम्ही म्हणत नाही. पण पालकाविना पडलेली लहान पॅकेजेही तेथे असतात, आणि नवख्याचे काम तपासून पुढे घालणारे जुने जाणते भेटतात. ज्यांस इच्छा असेल त्यांनी नाव कळवावे. निदान कार्यालयाच्या संगणकाची देखभाल तरी दोघांनी शिकून घ्यावी. सध्या ती एका विद्यार्थ्याच्या फोनवर चालते, आणि त्यास नुकतेच मूल झाले आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी सहानंतर आम्ही तेथे असतो. संगणकापुढील खुर्ची डगमगते, तेवढी जपून बसावे.