गवतात झोपणारे पाहुणे

हरभरा निघाला, कुरणातलं गवत पिवळं पडलं. या दिवसांत आम्ही गटातल्या बाया संध्याकाळी गवताच्या कडेला बसून पक्षी मोजतो. "पक्षी मोजून पोट भरते का?" असं लोक विचारतात. म्हणून आज त्याबद्दलच बोलायचं ठरवलं.

हा पक्षी म्हणजे भोवत्या. तुम्ही तो पाहिलेला आहे, घार समजून सोडून दिला असेल. घार उंच फिरते. हा पिकाच्या शेंड्यांवरून खालून जातो, पंख थोडे वर उचललेले, या अंगावरून त्या अंगावर कलंडत. नर राखाडी, मादी तपकिरी आणि तिच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. नाकतोडे, उंदीर, लहान पाखरं हे त्याचं खाणं. पावसाळा संपता संपता तो रशिया, कझाकस्तानकडून येतो आणि मार्च-एप्रिलात परत जातो. पिल्लं तिकडे, हिवाळा इकडे. आता यातलं माहेर कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

शिकारी पक्षी मोजायला हिमालयात माणसं डोंगरावर बसतात. हिमाचलात धर्मशाळेजवळ 2001 च्या पावसाळ्यानंतर आणि 2002 च्या वसंतात अशी मोजणी झाली, तेव्हा हजारो स्टेप गरुड नोंदले गेले. गरुड अंगानं जड. सारखे पंख मारत लांब जाणं त्याला झेपत नाही. डोंगराला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तो तरंगत जातो, म्हणून पुष्कळसे गरुड डोंगराच्या रांगेनंच जातात आणि एका जागी बसून मोजता येतात.

भोवत्या हलका. तो सपाट मुलखावरून कुठूनही निघून जातो, वाटेत गाठायचा कसा? पण त्याची एक सवय आपल्या कामी येते. दिवसभर एकटा हिंडणारा हा पक्षी रात्री गवतात, जमिनीवर, चारचौघांत झोपायला येतो. गुजरातच्या वेळावदरला 1990 नंतरच्या काळात एका गवताळ रानात हजाराहून जास्त भोवत्या मोजले गेले होते. आपल्याकडे इतके नाहीत, पण रीत तीच.

सूर्य बुडायच्या तासभर आधी जायचं. गवतात शिरायचं नाही, लांबूनच पाहायचं. दोघी-तिघींनी वेगवेगळ्या बाजूंनी बसायचं आणि ज्या त्या बाईनं आपलीच बाजू पाहायची. पक्षी उतरण्याआधी घिरट्या घालतात, वर उठतात, पुन्हा येतात. उडणारे मोजले तर एकच पक्षी तीनदा मोजला जातो. म्हणून गवतात उतरला की एक रेघ, उठला की एक खोडायची. अंधार पडला की थांबायचं. एकही आला नाही तर शून्य लिहायचं. शून्य लिहायला बायांना जिवावर येतं, पण तीही नोंदच आहे. दर पंधरवड्याला त्याच जागी बसलं तरच आकडा बोलतो.

आता मुद्दा. याच दिवसांत धुरे पेटवतात, कुरणही जळतं. ही पाखरं निघायच्या आधी गवत गेलं तर शेवटचे आठवडे ती झोपणार कुठे? आर्वी, आष्टी, कारंजाकडे गवळाऊ गाई ज्या गवतावर जगतात, तेही असंच गवत. कागदावर मात्र ते 'पडीक' असतं, आणि पडीक म्हटलं की ते कुणालाही देता येतं.

तिथे आपली वही उपयोगी पडते. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकांना विचारून गावाची जैवविविधता नोंदवही करायची असते. कोणतं गवत, किती पक्षी, कोणती तारीख हे त्या नोंदवहीत चढवून घ्या. मग 'पडीक' म्हणणाऱ्याला ग्रामसभेत दाखवायला कागद राहतो. धुरे पेटवणं बहुतेक घरी माणसांच्या हाती असतं, तेव्हा घरीही सांगा: निदान झोपायच्या जागेचं गवत एप्रिल सरेपर्यंत राहू द्या.

समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. तुमच्या गावात त्या कोण आहेत, हे या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. पुष्कळदा नाव असलेल्या बाईलाच ते ठाऊक नसतं.